गडावर पाणी चढेना

माझ्या राज्यात एक कायदा आहे. जे काम गवंड्याच्या हातून होतं, तिथं जादू वापरायची नाही.

राज्य माझंच, मीच वसवलेलं. तिथं सात गड आहेत, दोन नद्या आहेत, पंखवाल्या घोरपडी आहेत, आणि एक राणी आहे जी रागावली की तिच्या सावलीला शिंगं फुटतात. एक मुका राक्षस आहे, तो फक्त गुरुवारी रडतो. हे सगळं चालतं. पण भिंत उभी राहते ती पाया खणून, चुना भिजवून, दगडाला दगड सांधून. मंत्र म्हणून उभ्या केलेल्या भिंतीला वाचणारा पाठ टेकत नाही. त्याला आतून कळतं की ही पडणार.

लोक विचारतात, काका, हे पौराणिक आहे का ऐतिहासिक? मी सांगतो, दोन्ही नाही, मनातलं आहे. मग विचारतात, म्हणजे लहान मुलांचं? तिथं माझं डोकं फिरतं. लहान मुलांसाठी मी शाळेच्या तीन इमारती बांधल्यात. पुस्तकं मोठ्यांसाठी आहेत.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. करमाडच्या अलीकडं आमचं खेडं. पाचवीची शाळा लांब होती आणि बापाला माल कालवायला हाताखाली माणूस पाहिजे होता. पुढं चाळीस वर्षं मी ह्या शहरात घरं बांधली. गारखेड्यात बांधली, हर्सूलला बांधली, बायपासच्या पलीकडं नुसतं माळरान होतं तेव्हा तिथं बांधली. शहराची पाटी बदलली, पण माझ्या भिंती होत्या तिथंच आहेत.

गोष्टी तेव्हापासूनच्या. दुपारी परांचीखाली सगळे भाकरी सोडून बसायचे. मी एक गोष्ट सुरू करायचो आणि जेवणाची सुट्टी संपली की मधेच तोडायचो. राक्षसाचा हात राणीच्या गळ्याजवळ आलेला असायचा आणि मी म्हणायचो, चला, माल वाळायला लागला. दुसऱ्या दिवशी एकही मजूर खाडा करत नसे. इतर मिस्त्री मला विचारायचे, तुझी माणसं टिकतात कशी? मी सांगितलं नाही. धंद्यातली गोष्ट होती.

गुडघे गेले तेव्हा परांची सुटली. हात मात्र शाबूत होते. घरात मापाच्या कोऱ्या वह्या पडल्या होत्या, त्यातल्या एकीत लिहायला बसलो. पहिलं पुस्तक दोन वर्षांत झालं. एका प्रकाशकाकडं पाठवलं, त्यांनी परत केलं. लिहिलं होतं, कल्पना चांगली आहे पण भाषा खडबडीत आहे. गिलावा खडबडीत भिंतीवरच धरतो, गुळगुळीत भिंतीवरून पापडासारखा सुटून येतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं. मी ठरवलं, लोकांची घरं बांधली, आता स्वतःचं स्वतः बांधू. औरंगपुऱ्यात लग्नपत्रिका टाईप करणाऱ्या एक बाई आहेत, त्या माझी वही टाईप करतात. जवळच एक छापखाना आहे. पुस्तकाच्या मागच्या पानावर माझा फोन नंबर टाकला. मी भिंत बांधली तर घरमालकाला मी कुठं राहतो ते माहीत असायचं. पुस्तकाचंही तसंच पाहिजे.

विकतो मीच. आठवडी बाजारात कांद्याबटाट्याच्या रांगेत खाट टाकून बसतो. एका प्रदर्शनात एका साहेबांनी पुस्तक चाळून विचारलं, आपलं शिक्षण काय? मी म्हणलो, चौथी, आणि वर चाळीस वर्षं भिंती. त्यांनी पुस्तक घेतलं. वाचलं का ते माहीत नाही, पण घेतलं.

आता माझ्या कामाची पद्धत सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला.

सकाळी चहा झाला की मी गच्चीवर जातो. गच्चीवर मी माझ्या राज्याचा नकाशा आखलाय, पांढऱ्या फक्कीनं, जिनं आम्ही पायाची आखणी करतो तिनंच. दोरी लावून, काटकोनाला गुण्या धरून आखलाय. एक पाऊल म्हणजे एक कोस. कुणी ह्या गडावरून त्या गडावर निघालं की आधी मी चालून बघतो. राणीचा जासूद एका दिवसात बारा कोस जातो असं लिहायच्या आधी मी बारा पावलं टाकतो, मधे नदी आहे का, टेकडी आहे का बघतो, मग लिहितो. माझ्या पुस्तकात कुणी उगाच लवकर पोहोचत नाही.

अडचण एकच. गच्ची माझ्या एकट्याची नाही. उन्हाळ्यात आमची मंडळी तिथं कुरडया घालते. राज्याच्या उत्तरेकडचा सगळा मुलूख दोन महिने कुरडयांखाली असतो. तिला सांगून उपयोग नसतो. ती म्हणते, तुमच्या राणीला कुरडई लागत नसेल, माझ्या सुनेला लागते.

पण हीच बाई माझी पहिली वाचक. वाचक म्हणजे, ती वाचत नाही, मी वाचून दाखवतो. ती मेथी निवडत असते आणि मी थांबलो की म्हणते, "मग?" बास. तिची एवढीच टीका. जिथं ती "मग?" म्हणत नाही तिथलं पान मी फाडून टाकतो. तीन पुस्तकं अशी झाली.

तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी राणीच्या मोठ्या गडावर पाणी येतं. गडावर विहीर नाही, टाकी पावसाळ्यानंतर कोरडी पडते, म्हणून गडाचा म्हातारा गवंडी सहा कोसांवरच्या तळ्यातून जमिनीखालून खापराच्या नळ्या टाकतो आणि एके दिवशी गडाच्या टाकीत पाणी उसळून येतं. फार लोकांनी त्या पानाचं कौतुक केलं. माझंही ते आवडतं पान. जवान असताना मी ह्या शहरातल्या जुन्या नहरीच्या एका मनोऱ्याच्या डागडुजीवर कामाला होतो. जमिनीखालून आलेलं पाणी मनोऱ्यात सरळ वर चढताना मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. ते मनात होतं, ते पुस्तकात उतरलं.

पुस्तक बाजारात जाऊन तीन महिने झाले असतील, सकाळी फोन आला.

"मिस्त्री बोलतात का?"

म्हणलं, बोलतो. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, दमदार. त्यांनी सांगितलं, सोयगावहून बोलतो, कालव्यावर पाटकरी होतो. पाटकरी म्हणजे पाणी सोडणारा आणि बंद करणारा, कुणाच्या वावरात किती वेळ ते बघणारा. आता घरी बसून आहेत. बाजारात त्यांच्या व्याह्यांनी माझी पुस्तकं घेतली आणि ती त्यांच्याकडं आली.

मी खूश झालो. म्हणलं, कशी वाटली?

"पहिली दोन झकास," पाटकरी म्हणले. "तिसऱ्यात तुमच्या गडावर पाणी चढत नाय."

"चढतं. खापराच्या नळीतून चढतं, मी पाहिलंय."

"पाहिलं असंल. नळीतलं पाणी चढतं, मला काय सांगता. पण जिथून निघालं त्याच्या वर चढत नाय. तुमचं तळं गडाहून उंच का खाली?"

मी म्हणलो, तळं उत्तरेला आहे, सहा कोसांवर.

"उत्तर-दक्षिण नाय विचारलं मी. उंच का खाली?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी सांगतो," पाटकरी म्हणले. "पहिल्या पुस्तकात पान बारा. तुम्हीच लिवलंय, ह्या गडाहून उंच फक्त घार. मग तळं काय घारीच्या पाठीवर हाय व्हय?"

पान बारा मला पाठ होतं. पण गप्प बसणारा मी नाही. मी म्हणलो, पाटकरी, चाळीस वर्षं मी लेव्हल बघितलीय, माझी नळी कधी चुकली नाही.

"मग ह्या वेळी नळीत बुडबुडा राहिला असंल," ते म्हणले.

ज्यांनी घर बांधताना गवंडी पाहिलाय त्यांना ही नळी माहीत असते. वीस-तीस हाताची पारदर्शक नळी, तिच्यात पाणी भरायचं, एक टोक ह्या खांबाला, दुसरं त्या खांबाला. दोन्हीकडं पाणी एका उंचीवर थांबतं, तिथं खूण करायची. मधे एक बुडबुडा जरी अडकला तरी खूण चुकते, म्हणून नळी टिचक्या मारून मारून मोकळी करायची. तिच्यासमोर राजाही सारखा, रंकही सारखा. ही नळी खांद्यावर टाकून मी जन्म काढला. आणि एका पाटकऱ्यानं मला पाणी शिकवावं.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती जास्त लागली. त्यांच्या गल्लीतल्या पारावर संध्याकाळी दहा-बारा म्हातारे आणि चार-पाच म्हाताऱ्या बसतात, आणि पाटकरी माझी पुस्तकं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात. पहिलं एकदा झालं, दुसरं दोनदा झालं. तिसरं पाण्याच्या पानावर थांबलंय. "हिशेब लागल्याबिगर पुढं वाचायचं नाय असं ठरलंय," ते म्हणले. "चौथं काढताय म्हणं. काढा. पण पाणी चढवा, मगच आमच्या पारावर येईल ते. आन् जादूनं चढवायचं नाय. तुमचाच कायदा हाय."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे, त्यांचं राम राम पुरं व्हायच्या आत ठेवला.

चौथं पुस्तक शेवटचं. त्यात गडाला वेढा पडतो. शत्रू खाली तळ ठोकून बसतो आणि राणी दरवाजे बंद करून लोकांना सांगते, धान्य संपेल, पाणी संपणार नाही. पुस्तक सगळं ह्या एका वाक्यावर उभं. पाणी चढलं नाही तर राणी खोटी, गड खोटा, चार हजार माणसं तहानेनं मेली. आणि मजूर, घरमालक, बाजार सगळे धरूनही दहा-पंधरा माणसं रोज संध्याकाळी एकत्र बसून माझं पुस्तक ऐकतात अशी जगात एकच जागा होती, ती मला नुकतीच कळली होती आणि कळता कळता बंदही झाली होती.

आठ दिवस मी वही उघडली नाही. नवव्या दिवशी गच्चीवर गेलो, नळी भरली, टिचक्या मारल्या. टाकीच्या कट्ट्यावर बादली ठेवली, नळीचं एक टोक बादलीत आणि दुसरं जिन्याच्या छपरावर. छप्पर बादलीहून दोन हात उंच. पाणी बादलीच्या काठापर्यंत आलं आणि थांबलं. बोटभर वर यायला तयार नाही. मी नळी हलवली, फुंकली, शिव्या दिल्या.

मंडळी जिन्यात उभी होती. "कुणाशी भांडताय?"

मी म्हणलो, पाण्याशी.

ती म्हणली, "लोकांच्या वरच्या मजल्यावर पाणी चढलं नाही की लोक तुम्हालाच बोलवायचे."

एवढं बोलून ती खाली गेली. "मग?" नाही, काही नाही.

चूक कुठं झाली ते मला गच्चीवर उभं राहूनच कळलं. माझा नकाशा सपाट. गच्ची सपाट. सपाट नकाशावर पाणी कुठूनही कुठंही जातं. पावलं मोजली, कोस मोजले, उंची मोजलीच नाही. त्यातून ते पान लिहिलं तेव्हा उन्हाळा होता आणि तळं कुरडयांखाली होतं. पण कुरडयांवर ढकलण्यात अर्थ नव्हता. हजार घरांत लेव्हल धरणाऱ्या माणसानं स्वतःच्या राज्यात नळी लावली नव्हती.

रविवारी मुलगा घरी होता. तो शेंद्र्याला एका कारखान्यात आहे. त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. पण म्हणला, "अण्णा, तुमची राणी सावलीला शिंगं फोडते. तिनं हात वर केला आणि पाणी वर आलं. कोण विचारणार?"

"सोयगावचा पाटकरी विचारेल."

"एक माणूस, अण्णा."

मी म्हणलो, एका माणसाला भिंत वाकडी दिसली तर ती वाकडीच असते. बाकीच्यांनी बघितलेली नसते एवढंच. सून चहा घेऊन आली आणि म्हणली, मामा, पुढच्या वेळी छापताना तिसऱ्यात गुपचूप बदलून टाका ना. मी म्हणलो, आधीची पुस्तकं लोकांच्या घरात आहेत. लोक राहायला गेलेल्या घराची भिंत त्यांना न विचारता जाऊन पाडता येत नाही.

महिना गेला. वेगवेगळं करून बघितलं. रहाट लावले, पण सहा कोस रहाट कुठून आणणार. घोरपडींच्या पाठीवर पखाली बांधल्या, ते गवंडीकामही नव्हतं आणि जादूही नव्हती, नुसता गाढवपणा होता. मंडळीला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत राहिली. फाडलं.

मग मी ठरवलं, सोयगावला जायचं. समोरासमोर बोलायचं. फोनवर भांडण नीट होत नाही, समोरच्याचं तोंड दिसत नाही. पिशवीत नळी गुंडाळून टाकली, त्यांना दाखवायला की मिस्त्री कुणाला म्हणतात. नळीनं माझ्याविरुद्धच साक्ष दिलेली होती, तरी घेतली. ती बरोबर असली की मला बोलायला बळ येतं.

सकाळची बस धरली आणि खिडकीत बसलो. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. दोन्ही बाजूला मका, कपाशी, सपाट वावरं. गुडघ्याला जरा आराम म्हणून पाय लांब केले. सपाट रस्ता आहे, असंच जाणार, असं मनात होतं. ह्या रस्त्यानं मी आधी कधी गेलो नव्हतो. माझी कामं सगळी शहराच्या आसपास.

अजिंठा गाव मागं पडलं आणि जमीन संपली. म्हणजे खरंच संपली. बस वळली आणि खाली दरी, दरीत डोंगर, डोंगरांच्या खाली आणखी सपाटी, तिच्यावर पोरांनी मांडलेल्या भातुकलीसारखी घरं. घाट उतरायला लागला. मी खिडकीची दांडी धरली.

एक टेकडी होती, टोकदार, उभ्या कड्याची. खालून बघितली असती तर मी पहिल्या पुस्तकात बाराव्या पानावर लिहिलं तसंच लिहिलं असतं. पण तिचा शेंडा आमच्या बसच्या चाकांच्या खाली होता. मी शेंड्याकडं वरून बघत होतो, आणि मी कुठला डोंगर चढलो होतो? एकही नाही. मक्याच्या वावरांतून सरळ आलो होतो. सकाळपासून मी उंचावर होतो आणि मला उतरताना कळलं.

टेकडी उभी असते म्हणून उंच वाटते. पठार सपाट असतं म्हणून कुणी त्याला उंच म्हणत नाही. त्या टेकडीच्या पायथ्याशी जन्मलेला माणूस शपथेवर सांगेल की हिच्याहून उंच फक्त घार.

तळं पठारावर होतं. तळं आधीपासूनच गडाहून उंच होतं.

मी तिकिटाच्या मागं लिहायला पेन काढलं, तर बस इतकी वळत होती की नुसत्या रेघा उठल्या. म्हणलं, राहू दे, हे विसरण्यासारखं नाही.

सोयगावला उतरून पाटकऱ्यांचं घर विचारत गेलो. उंच, वाळकुडा माणूस, अंगणात खाटेवर बसलेला, डोळ्याला दोरी बांधलेला चष्मा. मी सांगायच्या आधीच त्यांनी पिशवीकडं बघितलं.

"नळी आणली ना, मिस्त्री?"

मी म्हणलो, आणली. त्यांनी आत आवाज दिला, भरीत वाढवा, शहरातून माणूस आलाय. भांडायला आलेल्या माणसाला लोक आधी जेवू घालतात, मग भांडण अर्धंच उरतं. भरीत-भाकरी झाली, ताक झालं. मग मी घाटातली सगळी हकीकत सांगितली. पाटकरी ऐकत राहिले. मधे एकदा विचारलं, तळ्यापासून पठाराच्या काठापर्यंत ढाळ कुठल्या अंगाला? मी सांगितलं. काठ उतरल्यावर नळीवर दाब लई येतो, खापर फुटंल, ते म्हणले. मी म्हणलो, तिथं खापर नाही, दगडाला भोक पाडून दगडात दगड बसवलाय, सांध्याला चुना आणि बेलफळाचा चिक. "हां," ते म्हणले. "मग टिकंल."

अंगणात काडीनं त्यांनी पठार काढलं, दरी काढली, गड काढला. मग उठले, माझी नळी घेतली आणि स्वतः पाण्यानं भरली. टिचक्या मारायची त्यांची रीत माझ्याहून वेगळी होती, पण बरोबर होती. ओट्याच्या काठाशी एक टोक मी धरलं, गोठ्याच्या गव्हाणीशी दुसरं त्यांनी. ओटा डोळ्याला उंच दिसत होता. पाणी थांबलं तेव्हा गव्हाण चार बोटं वर निघाली.

"चाळीस वर्षं राहतो इथं," पाटकरी म्हणले. "मला ओटाच उंच वाटायचा."

मला वाटलं, झालं, जिंकलो. नळी गुंडाळायला लागलो. तेव्हा त्यांनी हळूच विचारलं.

"मग पान बारा? घार?"

मी म्हणलो, ते राजानं म्हणलेलं आहे. राणीच्या पणज्यानं. गडाच्या दरवाज्यावर त्यानं दगडात कोरून घेतलंय. राजाला काय माहीत, त्यानं थोडीच मोजलंय.

"म्हंजे राजा खोटं बोलला."

"खोटं नाही. न मोजता बोलला."

"आन् त्या राजाला कुणी लिवलं?"

गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. मी नळीचं वेटोळं हातात घेऊन उभा. बायको, मुलगा, सून, औरंगपुऱ्यातल्या बाई, ह्यांच्यातल्या कुणासमोर मी हे म्हणलो नव्हतो. चाळीस वर्षांत कुठल्या घरमालकासमोरही म्हणलो नव्हतो.

"मी," म्हणलो. "न मोजता लिहिलं. तुमचं बरोबर होतं."

पाटकऱ्यांनी मान हलवली. खूश झाल्याचं दाखवलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी माझ्या हातातून नळी घेतली आणि खुंटीला अडकवली.

"ही इथं राहील," ते म्हणले. "शेवटचं पुस्तक आणा आन् घेऊन जा. तवर तुम्ही लिवाल ह्याची मला खात्री पाहिजे."

मी भांडलो. ती नळी मी वीस वर्षं वापरलेली. त्यांनी ऐकलं नाही. माझ्याइतका हट्टी माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला, आणि मला घरच्यांची जरा कीव आली.

परत आल्यावर गच्चीवर नकाशात मी विटा मांडल्या. पठाराखाली चार थर, गडाखाली तीन. उन्हाळा लागला तशी मंडळी कुरडया घेऊन आली, विटांकडं बघितलं, म्हणली, आता घालू कुठं? मी म्हणलो, शत्रूच्या तळावर घाल, तिथं सपाट आहे.

चौथं पुस्तक सहा महिन्यांत झालं. तिसऱ्यातला शब्दही बदलावा लागला नाही. म्हाताऱ्या गवंड्यानं नळ्या टाकल्या तेव्हाच त्याला माहीत होतं की तळं उंच आहे, पण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दरवाज्यावरचा पणजोबाचा दगड खोटा ठरला असता, आणि त्या गडावर दगडाला खोटं म्हणणाऱ्याची जीभ काढत. वेढ्यात नळी तुंबते. राणी त्याला बोलावते, विचारते, पाणी येतं कुठून ते सांग. तिच्या सावलीला शिंगं फुटलेली असतात. गवंडी म्हणतो, आधी दरवाज्यावरचा दगड उतरवा, मग सांगतो.

मंडळीला वाचून दाखवताना तिथं मी थांबलो आणि पाण्याचा घोट घेतला. मेथीची जुडी तिच्या हातात तशीच होती.

"मग?" मंडळी म्हणली.

पुस्तक छापून आलं त्याच आठवड्यात मी सोयगावला गेलो. पाटकरी पारावर बसलेच होते, नळी मागं लिंबाच्या फांदीला टांगलेली. मी लिहिणारा आहे हे कुणाला सांगू नका म्हणलं आणि मागं एका म्हाताऱ्याशेजारी बसलो. पाटकऱ्यांनी तिसऱ्या पुस्तकातलं थांबलेलं पान आधी वाचलं, मग ते पुस्तक संपवलं आणि चौथं उघडलं. असं रोज संध्याकाळी, चार दिवस. मी तिथंच राहिलो, भरीत खाल्लं. वाचतात चांगलं. माझ्याहून चांगलं वाचतात हे लिहायला मला जड जातंय, पण लिहितो.

चौथ्या दिवशी राणी आणि गवंडी समोरासमोर आले. पाटकरी थांबले, चष्मा पुसायला लागले. मुद्दाम थांबले, मला कळलं, परांचीखाली मी तसंच करायचो. पुढं बसलेल्या एका म्हातारीला धीर निघेना.

"आरं पाटकऱ्या, पाणी आलं का नाय गडावर?"

पाटकऱ्यांनी चष्मा डोळ्याला लावला, आणि पान उलटायच्या आधी चष्म्यावरून सगळ्यांच्या डोक्यांपलीकडं माझ्याकडं बघितलं.

"थांब की, माय," ते म्हणले. "आधी दगड खाली उतरू दे."